न तापवलेला दगड

शिवहार बारावीला इंग्रजीत नापास झाला आणि "मी मेंढरं राखणार न्हाई" असं सांगून आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला चाँद पाशाच्या दुकानात कामाला लागला, ते साल १९९६. मी त्याच वर्षी साक्षरतेच्या वर्गात बाराखडी संपवून जोडाक्षरांना लागलो होतो. माझी बायको अनुसया हापशावर बायकांना सांगायची, "लेक शाळंतून भाईर आला अन् बाप आत जाऊन बसला." बायका हसायच्या. मीही हसायचो.

आम्ही साखऱ्याचे. मेंढरांचा एक कळप, कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा आणि दोन लेकरं. शिवहार थोरला, शिवकन्या धाकटी. शिवहार कळपामागं चालायचा तेव्हाही त्याच्या हातात काठीऐवजी कसला तरी बिघडलेला रेडिओ असायचा. त्यामुळं तो दुकानात गेला याचं मला फार वाईट वाटलं नाही.

चाँद पाशाचं दुकान म्हणजे पोती छापायचं दुकान. हळदीच्या, तुरीच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचं नाव छापून द्यायचा. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी असते. तिच्यात अक्षरांपुरती जागा मोकळी ठेवून बाकी सगळी भरून टाकतात. वरून शाई ओतून रबराच्या पट्टीनं दाबून ओढली की खालच्या पोत्यावर नाव उठतं. एवढंच काम. पण चाँद पाशा तरुणपणी हैदराबादेत एका बाटल्यांच्या कारखान्यात होता आणि तिथं त्यानं वेगळंच छापणं पाहिलं होतं. त्यात ओली शाई नव्हती, कोरडी पूड होती. जाळी वस्तूला टेकत नव्हती. विजेच्या ओढीनं पूड जाळीतून सुटायची आणि समोरच्या वस्तूवर जाऊन बसायची. त्यामुळं वाकड्यातिकड्या, खरबरीत वस्तूवरही साफ छापता यायचं. ते मशीन त्याच्या डोक्यात इतकी वर्षं अडकून होतं. शिवहार भेटला आणि दोघांनी मिळून तसलं एक करायचं मनावर घेतलं.

एका बाजाराच्या दिवशी मी दुकानात गेलो तर तिथं मोडक्या टीव्हीची आतडी काढून ठेवलेली. विजेचा मोठा झटका तयार करणारा टीव्हीचा भाग त्यांनी घेतला होता. कुरुंद्याच्या हळदीच्या गिरणीतून चाळणीची बारीक स्टीलची जाळी आणली होती. पूड होती ती हिंगोलीच्या झेरॉक्सवाल्याकडची, काजळासारखी काळी. आणि छापायला काय घेतलं होतं, तर लग्नातली मडकी. मडक्यावर नवरानवरीचं नाव छापून द्यायचं अशी शिवहारची कल्पना.

"बा, लांब उभे ऱ्हा. धोतर वढून घेईल ती."

"धोतराला काय करती?"

"धोतरावर नाव उठंल नवरीचं. मग माय घरात घेईल का तुमाला?"

चाँद पाशा पोट धरून हसला. मग त्यानं बटण दाबलं. मडक्याच्या आत पत्रा घातला होता, त्याला एक तार, जाळीला एक तार. जाळी आणि मडक्याच्या मधे चांगलं दोन बोटं अंतर. शिवहारनं मऊ कुंचल्यानं जाळीवर पूड फिरवली. बारीक सरसर असा आवाज झाला आणि मडक्याच्या फुगीर पोटावर अक्षरं आली. कोणी हात लावला नव्हता.

"देखो मसाजीभाऊ," चाँद पाशा म्हणाला, "ही पूड तुमच्या मेंढरावानी हाय. वाड्याचं फाटक जिथं उघडं, तिथूनच निघती. बराबर रांगेत."

"वाचा बरं, बा."

मी एकेक अक्षर करत वाचलं. वसराम आणि लीला. नाव पुरं झालं तसं शिवहारनं मडकं तोंडाजवळ धरून हळूच फुंकर मारली. वसराम उडून गेला, लीलाचा नुसता धूर राहिला.

"आरं, हे काय केलं?"

"आता कच्ची हाय ती. नुसती बसलेली. विस्तवावर धरली की वितळती अन् मग चिकटती. त्याच्यानंतर घासा, धुवा, काय होत न्हाई." त्यानं पुन्हा छापलं, मडकं निखाऱ्यांवर फिरवलं आणि माझा अंगठा धरून अक्षरांवर घासला. अंगठा कोरा निघाला.

"येवढी तकलीफ घेण्यापरीस कुंचल्यानं लिव की सरळ."

"तुमी लिवता का? कुंभार मडकी वापस घेऊन जाईल."

त्याचा वरचा एक दात जरा पुढं होता. हसला की तोच आधी दिसायचा.

मडकी चालली. सेनगाव, हिंगोलीपर्यंत मागणी आली. १९९९ साली नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीला मडकी पोचवायला जीपनं निघाला. पाऊस लागून होता. पुलाजवळ जीप रस्ता सोडून खाली गेली. बाकीचे जखमी झाले. शिवहार तिथंच गेला. त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या केसांत खापराचे तुकडे होते. अनुसयानं ते एकेक करून वेचले आणि कोणाला त्याच्या डोक्याला हात लावू दिला नाही.

आमच्या भावकीत पूर्वी लग्न न झालेल्याला जाळत नसत, मातीत ठेवत. अनुसया तेच म्हणत होती. "त्याला हळद लागली न्हाई. त्याला पुरा. माझ्या वावरात पुरा." पण माझा चुलतभाऊ सोनाजी भावकीत मोठा. तो म्हणाला, एकवीस वर्षांचा जाणता गडी आहे, त्याला अग्नीच द्यायचा. तेच झालं, आमच्याच वावरात. लाकडं भिजलेली होती, पेट घेत नव्हती. रॉकेलचे डबे ओतावे लागले. वावर घराला लागूनच आहे. अनुसया दारात बसली होती, आणि वारा घराकडं वाहत होता.

त्यानंतर तिनं त्याचा फोटो मागितला. घरात एकच होता, बारावीच्या फॉर्मसाठी काढलेला, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. अनुसयाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ती फोटो नाकाजवळ धरायची, उजेडात न्यायची, पुन्हा आत आणायची.

"नुसता डाग दिसून राहिला," ती म्हणायची. "अवं, मला त्याचं तोंड आठवना झालं. दात आठवतो. बाकीचं येत न्हाई."

हिंगोलीला डोळ्यांचं शिबिर होतं, तिला चल म्हटलं. जीपनं जायचं म्हणून ती आली नाही. बैलगाडीनं नेतो म्हटलं तर म्हणाली, "आता काय पाह्यचंय मला?"

दिवाळीनंतर चाँद पाशा आला. शिवहार गेल्यापासून तो दुकानात पोतीच छापत होता, पुडीचं मशीन त्यानं झाकून ठेवलं होतं. अनुसयाची गत त्यानं पाहिली. निघताना तो मला म्हणाला, "आमच्यात तसबीर बनवत न्हाईत, भाऊ. पण शिवहारचं तोंड मी मोठं करून देतो. दगडावर. वहिनींना दिसंल असं. अल्ला माफ करंल."

बांधावर एक पांढुरका दगड होता, उशीसारखा फुगीर. लहानपणी शिवहार कोकरं राखताना त्याच्यावर बसायचा. तो दगड मी घरी आणला. चाँद पाशानं हिंगोलीच्या स्टुडिओतून फोटो मोठा करून आणला, ठिपक्या-ठिपक्यांची जाळी तयार केली. पण लगेच छापता येईना. हवेत ओल असली की विजेची ओढ राहत नाही, पूड जागची हलत नाही. संक्रांत होऊन कोरडी थंडी पडली तेव्हा तो मशीन बैलगाडीत घालून साखऱ्याला आला.

आमच्या ओसरीवर त्यानं सगळं मांडलं. दगडाखाली पत्रा, वर जाळी. जाळीवर कुंचल्यानं पूड फिरवली. सरसर आवाज झाला. त्यानं जाळी उचलली आणि बाजूला झाला.

दगडावर शिवहार होता. वीतभर तोंड. खाली नाव. दगड फुगीर असल्यामुळं गाल खरोखरच्या गालासारखे वर आले होते.

अनुसया गुडघ्यांवर आली. मग एकदम म्हणाली, "अगं बाई, शिवकन्ये, हसून राहिला की! दात बघ. हेच तोंड. हेच." आणि तीही हसली. शिवहार गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. शिवकन्या तिच्या मागं उभी राहून रडत होती.

"हात लावू नका, वहिनी," चाँद पाशा म्हणाला. "अजून कच्चं हाय." आणि तो अंगणात गेला. तिथं त्यानं आधीच निखारे करून ठेवले होते. पत्र्यावर दगड ठेवून खालून तापवायचा, की काम पुरं.

अनुसयानं धूर पाहिला.

"विस्तव कशाला पेटवला?"

"पूड भाजावी लागती. त्याबिगर टिकत न्हाई."

"कोणाला भाजता?"

मी म्हणालो, "अगं, दगड तापवायचा. त्याला काय होतंय?"

"दगड हाय व्हय हा?" ती दगडाच्या आणि अंगणाच्या मधे येऊन बसली. "एकदा जाळलं तुमी त्याला. मी पुरा पुरा म्हणत होते. आता पुन्हा त्याच्या तोंडाखाली विस्तव घालता? माझ्या डोळ्यादेखत?"

"माय, नायतर पुसून जाईल ना गं," शिवकन्या म्हणाली.

"मी पुसू देत न्हाई. मी हाय ना इथं."

चाँद पाशानं दुसरा उपाय काढला. विस्तवाऐवजी थिनरच्या नुसत्या वाफेवरही पूड विरघळून चिकटते, हैदराबादला तसंही करत. त्यानं पिशवीतून बाटली काढून बूच उघडलं. वास ओसरीवर आला तशी अनुसया उठून उभी राहिली.

"रॉकेल," ती म्हणाली.

"रॉकेल न्हाई वहिनी, हे वेगळं..."

"मला वास कळतो, भाऊ."

त्यानं बूच लावलं. निखाऱ्यांवर पाणी ओतलं. जाताना मला वेशीपर्यंत नेऊन म्हणाला, "वहिनी माहेरी गेल्या की मला बोलवा. भाजून टाकू. कळणार पण न्हाई."

"कळंल तिला," मी म्हणालो. आणि ती माहेरी जाणारही नव्हती.

देवाच्या कोनाड्याशेजारी दुसरा मोठा कोनाडा होता. त्यात दगड ठेवला. पहिल्या आठवड्यात चाँद पाशानं समोर लावायला काच पाठवली. शिवकन्येनं ती फडक्यानं घासून लख्ख पुसली आणि लावली, तर कानाजवळची थोडी पूड उडून काचेला जाऊन चिकटली. घासलेल्या काचेतही तीच ओढ असते म्हणे. काच काढून टाकली. मग राहिली फक्त अनुसया.

तिनं त्या खोलीत झाडू मारायचं बंद केलं. ओल्या फडक्यानं बसून पुसायची. उदबत्ती नाही, धूप नाही. खिडकीला पोतं ठोकलं. मांजर हाकलून दिलं. सकाळी चिमणी घेऊन कोनाड्यासमोर जायची, चिमणी लांब धरायची आणि तोंडाला पदर लावून त्याच्याशी बोलायची. श्वास लागू नये म्हणून. शेजारची कौसाबाई एकदा म्हणाली, "सासऱ्यासमोर उभं ऱ्हावं तशी पोरासमोर उभी ऱ्हाती की गं."

"सासऱ्याचं तोंड मी कधी असं वर करून पाह्यलं न्हाई," अनुसया म्हणाली. "ह्याचं पाहाते."

खरं सांगायचं तर ती सुधारली. भाकरी खायला लागली. मेंढरांची नावं घेऊन शिव्या द्यायला लागली. पावसाळा आला तेव्हा तिनं कोनाड्याखाली राखेचं टोपलं ठेवलं, ओल शोषायला. तो पावसाळा निघाला. चाँद पाशा येऊन लांबून पाहायचा आणि मान हलवायचा. "टिकलंय," म्हणायचा. "बराबर टिकलंय. कसं काय, मला पण कळेना."

पुढच्या उन्हाळ्यात, २००१ साली, शिवकन्येचं लग्न ठरलं. मुलगा सेनगावचा, दुकानात नोकरीला. घरात पाहुणे भरले. अनुसयानं दगडाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पोरंसोरं आत जाऊ नयेत म्हणून मी स्वतः दारात बाज टाकून बसलो होतो. हळदीच्या दिवशी मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. हळद आधी घरच्या देवांना लावायची आणि मग नवरीला, असा आमच्यात रिवाज आहे. अनुसया ओल्या हळदीची वाटी घेऊन आली, मला उठवलं, कुलूप काढलं. मी तिच्या मागं उंबऱ्यापाशी उभा राहिलो.

तिनं खंडोबाच्या टाकाला हळद लावली. बिरोबाला लावली. बाहेर बायकांनी नवं गाणं उचललं होतं, ती त्याच सुरात गुणगुणत होती. मग वाटीत दोन्ही हात बुडवले आणि कोनाड्याकडं वळून शिवहारच्या दोन्ही गालांना हळद लावली. नवरदेवाला लावतात तशी. हनुवटीपासून वर, कानापर्यंत.

मी काही बोलायच्या आत झालं ते.

गुणगुणणं थांबलं. तिनं हात पुढं धरून पाहिले. पिवळे होते आणि त्या पिवळ्यात काळं. दगडावर गाल नव्हते, डोळे नव्हते, नुसता चिखल होता.

"अवं," ती म्हणाली, "हिकडं या. हे काय झालं पाहा."

मी गेलो.

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई. लेकराला हळद लावायची म्हणून हात गेला. सव्वा वरीस ध्यानात ठिवलं. आजच काहून इसरले मी?"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अनुसयाबाई, हळद आणा की! नवरी बसून राहिली."

तिला हात धुवायचे नव्हते. मी तांब्या आणला तर तिनं हात मागं घेतले. आणि त्या काळ्या हातांनी नवरीला हळद लावता येईना. शेवटी मीच वाटी बाहेर नेऊन कौसाबाईकडं दिली. बायकांनी शिवकन्येला हळद लावली, आईशिवाय. अनुसया आत भिंतीला टेकून बसली होती, तळवे वर करून, मांडीवर.

थोड्या वेळानं शिवकन्या उठून आत आली. अंगभर हळद, ओली साडी. तिनं दगड पाहिला. मग आईसमोर बसली, तिचे दोन्ही तळवे उचलले आणि आपल्या गालांना लावले.

"आता लाव," म्हणाली. "दादाच्या हातची समजते मी."

ती तशीच मांडवात गेली. नवरीच्या गालावर काळं पाहून बायका कुजबुजल्या. "तीट लागली समजा," कौसाबाई म्हणाली आणि गाणं पुढं चालू केलं.

लग्न होऊन पोरगी नांदायला गेली. चाँद पाशा जाळी घेऊन आला. जाळी त्यानं जपून ठेवली होती. "वहिनी, दगड धुऊन घेतो. पुन्हा उठंल. तेच तोंड, काहीच फरक न्हाई. आणि ह्या टायमाला विस्तवाचं नाव घेणार न्हाई, तुमची कसम."

अनुसयानं त्याला चहा दिला. मग म्हणाली, "न्हाई, भाऊ. एकदा जळाला. एकदा मी माझ्या हातानं पुसला. आता पुन्हा आणू नका त्याला."

"वहिनी..."

"तुमी भला माणूस हाव. जाळी घेऊन जा."

चाँद पाशा ओसरीवर बसून राहिला आणि बाईमाणसासारखा रडला.

हळद नावापर्यंत पोचली नव्हती. दगडावर खाली अक्षरं तशीच होती. मी एक दिवस तिला हाताला धरून कोनाड्यासमोर नेलं. "नाव हाय की अजून," म्हणालो. "मी तुला शिकवतो. अवघड न्हाई. हा शि, हा व, हा हा, हा र."

ती पाहत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं.

"नाव तर मी रोजच घेऊन राहिले," ती म्हणाली. "मला तोंड पाह्यचं होतं."

तिनं पुन्हा त्या खोलीत पदर तोंडाला लावला नाही. खिडकीचं पोतं काढलं. झाडू मारायला लागली. जेवण कमी झालं, मग नुसती पेज, मग तेही नको. सेनगावच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, औषधं दिली, रोग असा सांगितला नाही. शिवकन्या येऊन राहिली. शेवटी शेवटी अनुसया मला एवढंच म्हणाली, "मला त्याच्याच जागंवर जाळा." चाँद पाशा लाकडं घेऊन आला. त्या वेळी लाकडं वाळलेली होती.

माझा मुलगा शिवहार १७ ऑगस्ट १९९९ रोजी वारला. माझी बायको अनुसया २१ नोव्हेंबर २००१ रोजी, बुधवारी सकाळी वारली.